सिंहगड रोडवरून चालवलेला क्लब



आज जरा वेगळा विषय. ना व्हिसा, ना टॅक्स, ना दिवाळी अंकांची ऑर्डर. आज फुटबॉल. आणि फुटबॉल म्हणजे आपल्या शेजारी अ‍ॅशबर्नला सराव चालतो तो हातात धरून पळायचा नव्हे (त्याच्याकडेही येणार आहे, पण नंतर). खरा, पायाने खेळायचा.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी आमच्या हर्नडनच्या ऑफिसात एक नवीन माणूस आला. इंग्लंडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ऑफिसातल्या मशिनच्या कॉफीला हात न लावता स्वतःची किटली आणून चहा करणारा, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्याच्या कपावर एक लाल गुलाब होता. मला वाटलं, बायकोने दिला असेल. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, भारतात कुठचा तू? म्हटलं, पुणे. हे सांगितल्यावर लोक साधारणपणे "ते मुंबईजवळ का?" असं विचारतात आणि आपण मनातल्या मनात दात-ओठ खातो. या गृहस्थाने कप खाली ठेवला. "म्हणजे वेंकीजवालं पुणे?"

मी हसून म्हटलं, हो, तेच. अंडी, कोंबड्या, तेच.

तो हसला नाही. म्हणाला, "माझा क्लब तुमच्या गावाकडे आहे."

तो ब्लॅकबर्नचा. कपावरचा गुलाब ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. त्या दिवसापासून मी या प्रकरणाच्या मागे लागलो, कारण खरं सांगायचं तर मला त्यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ही बातमी "पुणेकरांनी विलायतेतला क्लब विकत घेतला" एवढीच आली, आपण कॉलर ताठ केली आणि विसरून गेलो. पुढचे भाग तिकडे इंग्लंडमध्ये चालू राहिले.

तर आधी हा क्लब काय चीज आहे ते सांगतो. ब्लॅकबर्न हे लँकशायरमधलं कापड गिरण्यांचं गाव. म्हणजे आपला आणि त्यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, इकडून कापूस जायचा बंद झाला, लँकशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि मुंबईचे कापूस व्यापारी रातोरात गब्बर झाले. पुढे स्वदेशीमुळे तिकडच्या गिरण्यांना फटका बसला तेव्हा गांधीजी १९३१ च्या सप्टेंबरात ब्लॅकबर्नच्या शेजारी डार्वेनला जाऊन राहिले होते. ज्यांची कामं गेली त्या गिरणी कामगारांनीच त्यांचं प्रेमाने स्वागत केलं. असो, हे विषयांतर झालं, पण आवडतं म्हणून लिहिलं.

क्लब स्थापन झाला १८७५ मध्ये. १८८८ साली जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. एफए कप सहा वेळा, त्यातले पाच १८८४ ते १८९१ या आठ वर्षांत. इवुड पार्क हे मैदान १८९० पासून त्यांचं. ब्रीदवाक्य लॅटिन, 'आर्ते एत लाबोरे', म्हणजे कौशल्याने आणि कष्टाने. पहिल्या महायुद्धाच्या आधी दोनदा लीग जिंकली आणि मग हळूहळू उतरण लागली. गिरण्या बंद पडत गेल्या तसा क्लबही खालच्या डिव्हिजनमध्ये जाऊन बसला.

मग आला जॅक वॉकर. हा त्याच गावचा. वडिलांच्या पत्र्याच्या छोट्या धंद्यातून त्याने भावाबरोबर पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला, तो १९९० च्या सुमारास ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला आणि ते पैसे घेऊन पोरवयापासून ज्या क्लबासाठी ओरडायचा तो क्लब ताब्यात घेतला. केनी डॅल्ग्लिशला मॅनेजर म्हणून आणलं. अ‍ॅलन शिअररला तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला घेतलं. आणि १९९५ मध्ये लाखभर वस्तीच्या या गावाने मँचेस्टर युनायटेडला मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली. माझा मित्र तेव्हा विशीत होता. शेवटच्या सामन्यात रोव्हर्स लिव्हरपूलला हरले, पण तिकडे युनायटेडला वेस्ट हॅमने बरोबरीत रोखलं आणि विजेतेपद यांच्याकडे आलं. हरून जिंकलो, असं तो सांगतो. हे सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

कुणी म्हणेल, एका श्रीमंताने पैसे ओतून क्लब जिंकवला, यात काय कौतुक? बरोबर आहे. पैसा हाच मुद्दा असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. वॉकर २००० मध्ये गेला. क्लब त्याच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडे राहिला. ट्रस्टला तो पोसायचा नव्हता, विकायचा होता. पण दहा वर्षं जॉन विल्यम्स नावाच्या अध्यक्षाने आणि चार-दोन जाणत्या लोकांनी तो नीट चालवला. २००२ मध्ये लीग कप जिंकला. खर्च बेताचा, जाहिरातबाजी नाही, टीम प्रीमियर लीगच्या मधल्या फळीत. आपल्याकडे एखादी जुनी सहकारी बँक असते ना, शाखा कळकट पण हिशेब चोख, तसा.

आता पुणे. वेंकीज म्हणजे व्यंकटेश्वरा हॅचरीज, डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभी केलेली. या माणसाबद्दल आदरानेच बोललं पाहिजे. भारतातला आधुनिक कुक्कुटपालनाचा धंदा त्यांनी घडवला, आणि अंड्याचा भाव शेतकऱ्यांनी स्वतः ठरवावा म्हणून जी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती निघाली, तिच्यामागेही तेच होते. टीव्हीवरची ती संडे-मंडेवाली अंड्यांची जाहिरात तुम्हाला आठवत असेलच. १९९६ मध्ये ते वारले. धंदा मुलगी अनुराधा देसाई आणि मुलगे व्यंकटेश व बालाजी यांनी वाढवला. सिंहगड रोडवर त्यांचं व्यंकटेश्वरा हाऊस आहे. आपल्यापैकी कितीतरी जण खडकवासल्याला जाता-येता त्याच्यावरून गेले असतील.

नोव्हेंबर २०१० मध्ये या कुटुंबाने २ कोटी ३० लाख पौंडांना रोव्हर्स घेतला, आणि वर क्लबाचं कर्जही अंगावर घेतलं. भारतीय कंपनीने प्रीमियर लीगमधला क्लब घेण्याची ही पहिलीच वेळ. उद्देश उघड होता, जगभर ब्रँड पोचवायचा. सामने जगभर टीव्हीवर दिसतात, शर्टावर नाव गेलं की झालं. हिशेब म्हणून वाईट नव्हता. फक्त ज्या वस्तूवर नाव लावायचं, ती वस्तू कशी चालते हे माहीत असणारं माणूस घरात कुणी नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते क्लबात बसलेले असताना त्यांना विचारलं गेलं नाही.

महिना उलटायच्या आत, १३ डिसेंबर २०१० ला, मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर होती. वीस क्लबांत तेरावा म्हणजे ना छान ना वाईट, पण धोक्याबाहेर. त्याचा खेळ रटाळ होता असं लोक म्हणतात, मित्रही म्हणतो. पण त्याने कधी कुठली टीम प्रीमियर लीगमधून खाली घालवली नव्हती. त्याच्या जागी बसवला स्टीव्ह कीन, ज्याने आधी कधीच मुख्य मॅनेजर म्हणून काम केलं नव्हतं. रोनाल्डिन्यो आणण्याच्या गोष्टी झाल्या (तो ब्राझीलला गेला, जाणारच होता). फेब्रुवारी २०११ मध्ये जॉन विल्यम्स बाहेर पडला. आदल्या दहा वर्षांचा कारभार ज्याच्या डोक्यात होता तो माणूस गेला. मला विचाराल तर क्लब त्या दिवशी बुडाला. नंतर जे झालं ते फक्त बाहेर दिसलं.

मग टीव्हीवर ती जाहिरात आली. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये रोव्हर्सचे खेळाडू बसून चिकन खातायत. अख्ख्या इंग्लंडने पोट धरून हसून घेतलं. मी ती पाहिली तेव्हा मलाही हसू आलं, आणि मग लाजल्यासारखं झालं. आपल्याकडच्या मार्केटिंगवाल्यांना यात काही चुकतंय असं वाटलंच नसणार. क्रिकेटपटू आपल्याकडे बनियनपासून सिमेंटपर्यंत काय वाट्टेल ते विकतात. पण या लोकांसाठी तो शर्ट म्हणजे गावच्या पालखीसारखा. पालखीवर दुकानाचा बोर्ड लावला की कसं वाटेल, तसं.

ऑक्टोबर २०११ मध्ये टीमला मोसमाच्या मध्यात पुण्याला नेलं आणि बालेवाडीच्या मैदानात पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळवला. पुणेकरांना मजा वाटली असेल. तिकडे टीम लीगमध्ये तळाला घुटमळत होती. इवुड पार्कवर दर सामन्याला निदर्शनं, कीन हटावच्या घोषणा. मालक सहसा नाहीत. कीन मीटिंगसाठी विमानाने पुण्याला जाणार, परत येणार, आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगणार.

७ मे २०१२. पाऊस. घरच्या मैदानावर विगनविरुद्ध जिंकायलाच हवं होतं. सामन्याच्या सुरुवातीलाच प्रेक्षकांतून कुणीतरी क्लबचा झेंडा पाठीवर बांधलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती बिचारी भांबावून धावत होती आणि खेळाडू तिच्यामागे. हा फोटो जगभर छापून आला. शेवटच्या काही मिनिटांत विगनचा गोल झाला, ०-१, आणि अकरा वर्षांनी रोव्हर्स प्रीमियर लीगमधून खाली गेले.

मित्र त्या दिवशी मैदानात होता. कोंबडीवर मी काहीतरी विनोद करायला गेलो तर म्हणाला, "माझ्या बाबांचा तो शेवटचा मोसम. त्यांनी पाहिलेली शेवटची मॅच, आणि लोकांना आठवते ती कोंबडी." त्यानंतर मी कोंबडीवर विनोद केलेला नाही.

खाली गेल्यावर शहाणपण येईल असं वाटलं होतं. २०१२-१३ चा मोसम तर वाचून विश्वास बसत नाही. सप्टेंबरात कीनने राजीनामा दिला. ऑक्टोबरच्या शेवटी हेनिंग बर्ग आला, जो १९९५ च्या विजेत्या टीममध्ये होता. ५७ दिवसांनी त्याला काढलं. जानेवारीत मायकेल अ‍ॅपलटन. त्याला ६७ दिवस. मधल्या काळात हंगामी माणसं. एका मोसमात मॅनेजरच्या खुर्चीत इतके लोक बसले की खेळाडूंनाही नावं पाठ करावी लागली असतील.

या सगळ्यात मला सगळ्यात बोलकं वाटलं ते बर्गचं कोर्टाचं प्रकरण. त्याचा करार तीन वर्षांचा होता आणि मुदतीआधी काढलं तर उरलेला पगार द्यायचा असं त्यात लिहिलेलं. रक्कम साडेबावीस लाख पौंड. क्लबने आधी देणं कबूल केलं, मग फिरले. कोर्टात म्हणणं काय मांडलं? की आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाने हा करार मालकांच्या परवानगीशिवाय केला! एप्रिल २०१३ मध्ये कोर्टाने बर्गच्या बाजूने निकाल दिला. पैसे गेलेच. पण बघा, क्लबच्या वकिलांनीच भर कोर्टात सांगितलं, की इथे कुणाला कशाचा अधिकार आहे हे आमचं आम्हालाच ठरवता येत नाही. पुण्याला विचारायचं की गावातल्या माणसाने ठरवायचं? सही कोणाची चालते? विरोधकांनी कितीही आरोप केले असते तरी एवढा पुरावा त्यांना मिळाला नसता.

पुढचं भरभर सांगतो. मे २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, तोही गोलफरकाने, शेवटचा सामना जिंकूनसुद्धा. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिथपर्यंत खाली जाण्याची ही पहिलीच वेळ. तीस हजारांच्या मैदानात बारा-तेरा हजार माणसं येऊ लागली होती. टोनी मोब्रेने वर्षभरात पुन्हा वर काढला, २०१८ मध्ये, आणि काही काळ बरा गेला. पण वर जाण्याची संधी आली की घोडं कुठेतरी अडायचंच. जानेवारी २०२३ मध्ये एका खेळाडूचे कागद मुदतीनंतर पोचले म्हणून लीगने नोंदणी नाकारली, आणि त्याच मोसमात प्ले-ऑफची जागा गोलफरकाने हुकली. वर्षाने परत तेच. ऑर्लँडोचा डंकन मॅग्वायर हा अमेरिकन पोरगा विमानाने ब्लॅकबर्नला पोचला, आणि क्लबने योग्य ते कागद न भरल्यामुळे त्याचा व्यवहार फिसकटला, आला तसा परत गेला. अकादमीत तयार झालेला ब्लॅकबर्नचाच अ‍ॅडम वॉर्टन त्याच सुमाराला क्रिस्टल पॅलेसला विकावा लागला. त्याच दिवसांत भारतात अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशीमुळे कुटुंबाला इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी काढावी लागत होती. म्हणजे लँकशायरच्या एका गावात लेफ्ट बॅक घ्यायचा की नाही, हे दिल्लीतल्या तारखेवर अवलंबून. मे २०२५ मध्ये महिलांच्या टीमने दुसऱ्या पायरीच्या लीगमधून माघार घेतली, कारण लीगच्या अटींप्रमाणे सोयींवर खर्च करायला मालक तयार नव्हते.

आता एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, आणि ती मी मित्रालाही सांगितली. वेंकीजने क्लब लुटला नाही. उलट या पंधरा वर्षांत वीस कोटी पौंडांहून जास्त त्यात घातले, पगार दिले, तोटा भरला. इवुड पार्क विकून तिथे फ्लॅट बांधले नाहीत. तिथून जवळच बरी नावाचा क्लब आहे, १८८५ चा, दोनदा एफए कप जिंकलेला. २०१८ च्या डिसेंबरात एका गृहस्थाने तो एका पौंडाला घेतला. पैसे कुठून येणार हे लीगला दाखवता आलं नाही म्हणून २७ ऑगस्ट २०१९ ला तो लीगमधून हाकलला गेला. संपला. समर्थकांना नव्याने क्लब काढून तळापासून सुरुवात करावी लागली. त्या मानाने रोव्हर्सवाले नशीबवान.

मित्र म्हणाला, "माहीत आहे. म्हणून तर नीट रागावताही येत नाही. चोर असते तर बरं झालं असतं."

या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होतो. आपली समजूत अशी असते की संस्था बुडते ती कुणीतरी खाल्ली म्हणून. साखर कारखाना असो, पतपेढी असो, पहिला प्रश्न, कुणी खाल्ले? इथे कुणीच खाल्ले नाहीत. पैसे येत राहिले आणि क्लब आतून विरत गेला. मालक लांब होता म्हणून? मलाही आधी तसंच वाटलं. पण मग आपल्या शेजारचं उदाहरण बघा.

वॉशिंग्टनची फुटबॉल टीम, हो, हातात धरून पळणारी. सरावाचं ठिकाण हर्नडनपासून पंधरा-वीस मिनिटांवर, मेट्रोच्या सिल्व्हर लाईनने काही स्टेशनं. जो गिब्जच्या काळात तीन सुपर बोल जिंकलेली टीम. सीझन तिकिटाची वेटिंग लिस्ट एवढी, की लोक मृत्युपत्रात तिकिटं लिहून ठेवायचे म्हणतात. १९९९ मध्ये डॅन स्नायडरने ती ८० कोटी डॉलरला घेतली. हा लांबचा नव्हे, इथलाच, लहानपणापासून टीमचा भक्त. म्हणजे कागदोपत्री जॅक वॉकरच. पुढच्या २४ वर्षांत प्ले-ऑफचे फक्त दोन सामने जिंकले. स्टेडियम इतकं दुर्लक्षित की २०२१ मध्ये प्रेक्षकांच्या अंगावर पाईप फुटून पाणी पडलं, आणि २०२२ च्या जानेवारीत कठडा तुटून पाहुण्या टीमच्या खेळाडूच्या पायाशी माणसं कोसळली. ऑफिसात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवरून चौकश्या झाल्या. २०२३ मध्ये ६०५ कोटी डॉलरला टीम विकून गृहस्थ बाहेर पडले, लीगने वर सहा कोटींचा दंड केला. टीम रसातळाला नेऊन साडेसातपट किंमत! आणि नवीन मालकांच्या दुसऱ्याच मोसमात, २०२५ च्या जानेवारीत, टीम सुपर बोलपासून एका सामन्यावर पोचली. आमच्या गल्लीत धुळीत पडलेले झेंडे परत बाहेर आले. खेळाडू बदलले हे खरं. पण शेजारचा म्हातारा, जो कायम चिडलेला असायचा, त्याने मला पहिल्यांदाच हात केला.

म्हणजे लांब असणं हे कारण नव्हे. स्नायडर इथलाच होता. सारखेपणा दुसऱ्याच गोष्टीत आहे. आपल्याला न कळणाऱ्या गोष्टीत हुकूम द्यायचा, ज्याला कळतं तो घालवायचा, आणि जो कानाला लागतो त्याचं ऐकायचं. त्यात मालक लांब असला की एवढंच होतं, की लोकांचा आरडाओरडा त्याच्यापर्यंत पोचत नाही. सिंहगड रोडवर कोण ओरडणार? तिथे हॉर्नच एवढे.

आणि पुण्याचं स्वतःचं काय? पुणे एफसी, पिरामल ग्रुपचा, २००७ मध्ये सुरू झाला. रोव्हर्समध्ये मॅनेजरांची संगीत खुर्ची चालली होती त्याच २०१२-१३ च्या मोसमात तो आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये बंद. एफसी पुणे सिटी २०१४ ला आला, २०१९ मध्ये गुंडाळला, लीगमधली जागा हैदराबादला गेली. मुंबईचा महिंद्रा युनायटेड तर जुना, १९६२ चा, २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला. कंपनीने २०१० मध्ये ठरवलं की आता शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं, आणि क्लब बंद. नोटीस लावली, संपला विषय. कूपरेजला कुणी कोंबडी सोडली नाही. आपल्याकडे क्लब म्हणजे कंपनीचा एक विभाग. विभाग बंद होतो. मला वाटतं, राव कुटुंबाला रोव्हर्सबद्दल जे कधी उमगलं नाही ते हेच असावं. इथला क्लब कायद्याने त्यांचा होता, पण त्यांनी घेतला तेव्हा तो १३५ वर्षांचा होता आणि पणजोबांपासून तीच खुर्ची धरून बसलेली माणसं त्यात होती.

इंग्लंडमध्ये २०२५ च्या जुलैत यासाठी कायदा झाला, फुटबॉलवर स्वतंत्र नियामक आला. मालक लायक आहे का, पैसे कुठून येणार, समर्थकांना विचारलं का, हे तो तपासणार. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्याच हातात राहतात. मित्राला फारशी आशा नाही. म्हणतो, "पैसे भरतात, लायक आहेत, असंच म्हणतील. प्रेम तपासायचं यंत्र कुठे आहे?"

आता मंडळी, थोडं घरचं. हे सगळं मी त्याला मोठ्या तावातावाने समजावून सांगत होतो, लांबून कारभार, कळणाऱ्याला विचारायचं नाही वगैरे, आणि बोलता बोलता मलाच ठेच लागली. वाईला आमचा वाडा आहे. पणजोबांचा. प्रॉपर्टी कार्डावर चार नावं. एक मी, हर्नडनला. एक चुलत बहीण सिडनीला. एक काका पुण्यात, गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. आणि चौथा दादा, जो वाड्यात राहतो. मी दर वर्षी पैसे पाठवतो, वेळेवर, सांगितले त्याहून थोडे जास्तच. आणि मला फार अभिमान होता की मी पैसे पाठवतो.

चार वर्षांपूर्वी दादाने फोनवर सांगितलं होतं, मागच्या सोप्याची कौलं उतरवून वासे बदलायला हवेत, गावात एक जुना सुतार आहे, तोवर करून घेऊ. मी इथे बसून इंटरनेटवर वाचून त्याला सांगितलं, कौलं नको, पत्रा टाक, पुण्याहून माझ्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर पाठवतो. त्या कॉन्ट्रॅक्टरने पत्रा टाकला. पुढच्या पावसात पाणी भिंतीत मुरायला लागलं. दादा तेव्हापासून फोनवर वाड्याबद्दल बोलत नाही. सगळं ठीक आहे म्हणतो. मीही खोदून विचारत नाही. सुतार मागच्या वर्षी वारला.

मित्राला हे सांगितलं. तो पहिल्यांदाच मनापासून हसला. म्हणाला, "पत्रा टाकलास? बिग सॅमला काढलंस तू." मग गंभीर होऊन म्हणाला, "तुझ्या त्या दादाला विचार एकदा."

गेल्या वेळी पुण्याला गेलो तेव्हा सिंहगड रोडवरून रिक्षाने जाताना व्यंकटेश्वरा हाऊसचा फोटो काढला, मित्रासाठी. इथे आल्यावर त्याला दाखवला. शनिवार होता. रोव्हर्सचे दुपारी तीनचे सामने आपल्याकडे सकाळी दहाला असतात, तो लॅपटॉपवर लावून बसला होता, शेजारी किटली आणि तोच गुलाबाचा कप. फोटो त्याने बराच वेळ बघितला. रस्ता, रिक्षा, फाटकाशी उभा असलेला वॉचमन. "एवढंच?" म्हणाला. "मला वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल." मग फोन परत दिला आणि सामना बघू लागला. रोव्हर्स एका गोलने मागे होते.

घरी येऊन मी वाईला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. वहिनींनी उचलला आणि दादाला दिला.

म्हटलं, "दादा, मागच्या सोप्यात अजून पाणी येतं का रे?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तू ये. पावसात ये. आणि स्वतः बघ."

जुलैचं तिकीट बघतोय. डलसवरून स्वस्तात कोणती विमानं आहेत ते कुणाला माहीत असेल तर कळवा.

हर्नडनहून,
तुमचाच एक पुणेकर